युद्ध होऊ न देणारा माणूस : चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स



चौथीला प्रतापगडाचा पाठ शिकवताना दरवर्षी एक गोष्ट जाणवते. अफजलखानाची भेट मुलांना तोंडपाठ असते. शामियाना, चिलखत, वाघनखं, सगळं हातवारे करून सांगतात. पण भेट ठरण्याआधी महाराजांकडून खानाकडे बोलणी करायला कोण गेलं होतं, असं विचारलं की वर्ग गप्प. पंताजी गोपीनाथ हे नाव एखाद्याच मुलाच्या तोंडून येतं. यंदा एका मुलीनं हात वर करून विचारलं, "मॅडम, वकील फक्त बोलायलाच जातो ना? मग तो लढतो कुठं?"

मी म्हटलं, "अगं, बोलणं हीच त्याची लढाई." तिनं मान डोलावली, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं. खरं सांगायचं तर मलाही माझं उत्तर पोकळ वाटलं. नुसतं वाक्य होतं ते. त्याला उदाहरणाचा आधार नव्हता. चौथी-पाचवीच्या मुलांना उदाहरणाशिवाय काहीच पटत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मग मला आठवले चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना हा माणूस लंडनमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. सात वर्षं. हातात तलवार नाही, बंदूक नाही. पण तो तिथं चुकला असता तर अमेरिकेचे दोन देश झाले असते, असं म्हणायला जागा आहे. आपल्याकडे लिंकन सगळ्यांना माहीत असतात. त्यांनी मुलाच्या शिक्षकाला लिहिलं असं सांगितलं जाणारं पत्र तर शाळेशाळेच्या भिंतीवर असतं. ॲडम्स मात्र कुणाला माहीत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. इतिहास शिकवताना आपण लढाया आणि गाजलेली वाक्यं शिकवतो. त्यामागचं सावकाश चाललेलं, कंटाळवाणं, पुरावे गोळा करण्याचं आणि राग आवरण्याचं काम शिकवत नाही. त्यामुळे जोरात बोलला तो जिंकला, असं मुलांना वाटतं. ॲडम्स यांची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

१८६०-६१ मध्ये अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं देशातून फुटून निघाली. एकूण ११ राज्यं. त्यांनी स्वतःचं वेगळं सरकार स्थापन केलं. कारण गुलामगिरी. त्या वेळी अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते आणि दक्षिणेची कापसाची शेती त्यांच्याच घामावर चालायची. एप्रिल १८६१ मध्ये तोफा सुरू झाल्या. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले.

आता यात लंडनचा काय संबंध? संबंध कापसाचा. इंग्लंडमधल्या लँकेशायर भागातल्या गिरण्या जगाला कापड पुरवत होत्या आणि त्यांचा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता. लिंकन यांच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखून धरली. कापूस अडला. दक्षिणेच्या पुढाऱ्यांना खात्री होती, की गिरण्या बंद पडल्या की इंग्लंड झक मारत आपल्या मदतीला येईल, आपल्याला देश म्हणून मान्यता देईल आणि त्याचं आरमार ही नाकेबंदी मोडून काढेल. त्या काळी इंग्लंडच्या आरमाराला टक्कर देणारं कोणी नव्हतं. म्हणजे लंडनमध्ये जो निर्णय होईल त्यावर लिंकन यांच्या देशाचं भवितव्य अवलंबून होतं. तिथं पाठवायचं कोणाला?

हा माणूस कोण?

ॲडम्स यांचा जन्म १८०७ मध्ये बोस्टनला झाला. आजोबा जॉन ॲडम्स अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष, वडील जॉन क्विन्सी ॲडम्स सहावे अध्यक्ष. वडील रशियात राजदूत होते म्हणून चार्ल्सचं बालपण सेंट पीटर्सबर्गमध्ये गेलं. सात वर्षांचा असताना, १८१५ च्या कडाक्याच्या थंडीत, तो आईबरोबर घोडागाडीनं तिथून थेट पॅरिसला आला. वाटेत युद्धानं उद्ध्वस्त झालेला मुलूख, आणि त्याच दिवसांत नेपोलियन कैदेतून निसटून परत फ्रान्समध्ये आलेला. त्यानंतर हा मुलगा इंग्लंडमधल्या निवासी शाळेत शिकला. इंग्लंड आणि अमेरिका यांचं युद्ध नुकतंच थांबलेलं होतं. वर्गात एकटा परका मुलगा म्हणून वावरायचं म्हणजे काय, हे तो तिथं शिकला असणार. आपल्या वर्गात बदलीच्या गावाहून किंवा ऊसतोडीच्या तळावरून आलेलं एखादं मूल असतं ना, तसंच.

पुढे हार्वर्डचं शिक्षण, वकिली, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात काम. आजोबांची कागदपत्रं संपादित करून त्यांनी दहा खंडांत छापली. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू नये म्हणून निघालेल्या फ्री सॉइल पक्षाकडून १८४८ मध्ये उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि हरले. स्वभावानं थंड, मोजून बोलणारे. सभा गाजवणारे तर अजिबात नाहीत.

मार्च १८६१ मध्ये लिंकन यांनी त्यांची लंडनला नेमणूक केली. त्यांच्या मुलानं पुढे लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. आभार मानायला ॲडम्स लिंकन यांना भेटले. लिंकन यांनी दोन शब्दांत विषय संपवला, आणि लगेच परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांच्याकडे वळून शिकागोच्या पोस्टातल्या एका नेमणुकीबद्दल बोलू लागले. ॲडम्स यांना हे फार लागलं. या माणसाला देश चालवता येणार नाही, असं त्यांचं मत झालं. तरीही ते गेले. वरिष्ठांबद्दल मत काहीही असो, काम चोख करायचं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

पहिली परीक्षा : आपल्याच साहेबाचं पत्र

मे १८६१ मध्ये ॲडम्स इंग्लंडला पोहोचले आणि त्याच वेळी इंग्लंडनं तटस्थतेचा जाहीरनामा काढला. ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ असा होता, की दक्षिणेकडे नुसते बंडखोर म्हणून नव्हे, तर युद्ध करणारा एक पक्ष म्हणून पाहिलं जाईल. पाहुणा दारात आला आणि त्याच्या तोंडावर दार लावलं, तसं झालं.

वॉशिंग्टनमध्ये सेवर्ड भडकले. त्यांनी ॲडम्स यांना एक जळजळीत खलिता पाठवला. लिंकन यांनी तो पाठवण्याआधी थोडा सौम्य केला होता, तरी त्यात युद्धाची भाषा होतीच. ॲडम्स यांनी काय केलं? तो खलिता जसाच्या तसा इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेल यांच्या टेबलावर आपटला नाही. आशय काढला आणि सभ्य शब्दांत एवढंच समजावलं, की दक्षिणेच्या प्रतिनिधींना तुम्ही असेच भेटत राहिलात तर आमचे संबंध टिकणं कठीण आहे. रसेल म्हणाले, दोनदा भेटलो, पण यापुढे भेटायचा विचार नाही. काम झालं!

घरी आपण काय करतो बघा. "तुझ्या बाबांना सांग, मी असं असं म्हणाले," असं म्हणून मुलाच्या हाती निरोप देतो. मूल तो निरोप रागासकट पोहोचवतं आणि घरात वणवा पेटतो. निरोपातला राग बाजूला ठेवून अर्थ तेवढा पोहोचवणं हे कौशल्य आहे, आणि ते शिकवता येतं.

दुसरी परीक्षा : काहीच माहीत नसताना गप्प राहणं

८ नोव्हेंबर १८६१. अमेरिकेच्या आरमारातल्या कॅप्टन विल्क्स यांनी 'ट्रेंट' नावाची इंग्लंडची टपालबोट भर समुद्रात अडवली. तिच्यावर दक्षिणेचे दोन वकील, मेसन आणि स्लायडेल, युरोपला निघाले होते. विल्क्स यांनी त्यांना पकडून नेलं. अमेरिकेत विल्क्स यांच्या नावाचा जयजयकार झाला. इंग्लंडमध्ये मात्र संतापाची लाट उसळली. आमच्या झेंड्याखालच्या जहाजावरून माणसं पळवता? इंग्लंडनं कॅनडाकडे सुमारे ११,००० सैनिक रवाना केले.

आता ही गोष्ट मुलांना नीट समजावून सांगण्यासारखी आहे. अटलांटिकच्या तळातून टाकलेली तार १८५८ मध्ये काही आठवडे चालून बंद पडली होती, आणि टिकाऊ तार १८६६ मध्ये आली. मधल्या काळात सगळा व्यवहार बोटीनं. पत्र जायला साधारण दोन आठवडे, उत्तर यायला दोन आठवडे. ट्रेंटची बातमी लंडनला पोहोचली ती २७ नोव्हेंबरला. ॲडम्स तेव्हा यॉर्कशायरमध्ये पाहुणे म्हणून गेले होते. तारेनं बातमी मिळताच परतले. सगळं लंडन विचारतंय, तुमच्या सरकारचा हुकूम होता का? आणि त्यांच्याकडे उत्तरच नाही!

त्यांनी अंदाजानं काहीही बोलायचं नाकारलं. समर्थन केलं नाही, माफीही मागितली नाही. डिसेंबरच्या मध्यावर सेवर्ड यांचा खलिता आला, की विल्क्स यांनी हे सरकारच्या हुकमाशिवाय केलं. १९ डिसेंबरला ॲडम्स यांनी तो रसेल यांना वाचून दाखवला. तिकडे राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी आजारी असताना इंग्लंडच्या कडक मागणीपत्राची भाषा मऊ करवून घेतली होती. म्हणजे, तुमच्या कॅप्टननं स्वतःच्या मनानं केलं असेल अशी आम्हाला आशा आहे, असं म्हणून अमेरिकेला माघार घ्यायला वाट ठेवली. १४ डिसेंबरला अल्बर्ट वारले. २६ डिसेंबरला लिंकन यांच्या मंत्रिमंडळानं दोघा कैद्यांना सोडायचं ठरवलं. ही बातमी लंडनला पोहोचायला जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला. तोवर रोज युद्ध होणार की टळणार, या टांगणीवर हा माणूस शांतपणे आपलं काम करत राहिला.

आज आपल्या मोबाईलवर एखाद्या ग्रुपवर खोटी बातमी आली, की दोन मिनिटांत पन्नास जण तावातावानं मत देतात. त्यात आपण शिक्षकही असतो. "मला अजून माहीत नाही, कळलं की सांगतो," हे वाक्य मुलांना शिकवायचं तर आधी आपल्या तोंडात यायला हवं.

तिसरी परीक्षा : पंतप्रधानांचा राग

जून १८६२. दक्षिणेतलं न्यू ऑर्लिन्स शहर लिंकन यांच्या सैन्यानं जिंकलं होतं. तिथल्या जनरल बटलर यांनी सैनिकांचा अपमान करणाऱ्या शहरातल्या स्त्रियांबद्दल एक अतिशय हीन हुकूम काढला. इंग्लंडचे पंतप्रधान लॉर्ड पामरस्टन यांनी चिडून ॲडम्स यांना थेट पत्र लिहिलं. भाषा अपमानकारक होती.

ॲडम्स यांनी उलट टपाली अपमान केला नाही. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. हे पत्र सरकारी आहे की खासगी? सरकारी असेल तर ते परराष्ट्रमंत्र्यांमार्फत यायला हवं होतं. खासगी असेल तर एका सभ्य गृहस्थानं दुसऱ्याला असं लिहावं का? रसेल यांना या पत्राचा पत्ताच नव्हता. पामरस्टन यांची पंचाईत झाली आणि त्यांना मागे सरकावं लागलं. ॲडम्स यांनी मात्र यापुढे असा खासगी पत्रव्यवहार नको असं कळवून विषय मिटवला. एका साध्या प्रश्नात सगळं आलं. बटलर यांच्या हुकमाची बाजू घेत बसले असते तर हरले असते.

गाजलेलं वाक्य आणि न गाजलेलं काम

आता मुख्य गोष्टीकडे येते. दक्षिणेकडे जहाजबांधणीचे कारखाने फारसे नव्हते. त्यांनी इंग्लंडमध्ये गुपचूप जहाजं बांधून घ्यायला सुरुवात केली. लिव्हरपूलच्या समोर, बर्कनहेडला लेअर्ड कंपनीच्या गोदीत एक जहाज तयार होत होतं. नाव नाही, फक्त क्रमांक २९०. लिव्हरपूलमधले अमेरिकी वाणिज्यदूत थॉमस डडली यांनी त्याचे पुरावे गोळा केले. खलाशांचे जबाब, शपथपत्रं, नामांकित वकिलाचं मत. ॲडम्स यांनी ते सगळं रसेल यांच्याकडे पाठवलं. आणि मग जे झालं ते सरकारी कचेरीत काम केलेल्या प्रत्येकाला ओळखीचं वाटेल. ज्या कायदेसल्लागाराकडे कागद गेले तो मानसिक आजारानं अंथरुणाला खिळलेला होता आणि कागद त्याच्या घरी तसेच पडून राहिले! २९ जुलै १८६२ ला चाचणीच्या फेरीचं निमित्त करून, डेकवर पाहुणे घेऊन, जहाज बंदराबाहेर पडलं. पाहुण्यांना दुसऱ्या बोटीनं परत पाठवलं आणि जहाज परतलंच नाही. तीच 'अलाबामा'. तिनं दोन वर्षांत साधारण ६५ अमेरिकी जहाजं पकडली, बहुतेक जाळली. अटलांटिक ओलांडून ती हिंदी महासागरात आणि सिंगापूरपर्यंत आली. अखेर जून १८६४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ती बुडवली गेली.

ॲडम्स हरले होते. पण त्यांनी फाईल बंद केली नाही. प्रत्येक जळालेल्या जहाजाची नोंद, नुकसानीचा तपशील, रसेल यांना पत्र. उत्तर नकाराचं आलं, तरी पुढचं पत्र. हे सगळं वाया चाललंय असं कुणालाही वाटलं असतं.

१८६३ मध्ये त्याच गोदीत दोन चिलखती युद्धनौका तयार होऊ लागल्या. पाण्याखाली लोखंडी सोंड, धडक देऊन लाकडी जहाज फोडणारी. या बाहेर पडल्या तर नाकेबंदीच मोडण्याचा धोका होता. पुन्हा पुरावे, पुन्हा पत्रं. ५ सप्टेंबर १८६३ ला ॲडम्स यांनी रसेल यांना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. ही जहाजं सुटली तर त्याचा अर्थ युद्ध, आणि हे आपल्यासारख्यांना वेगळं सांगायची गरज नाही, अशा आशयाचं. ती जहाजं अडवली गेली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडच्या सरकारनं ती स्वतःच विकत घेतली. ॲडम्स यांच्या त्या एका वाक्यानं इंग्लंड नमलं, अशी कथा त्यांच्या देशात पुढे बरीच वर्षं सांगितली गेली.

पण खरी गंमत इथंच आहे. रसेल यांनी जहाजं रोखायचा हुकूम ३ सप्टेंबरलाच दिला होता! म्हणजे पत्राच्या दोन दिवस आधी. ॲडम्स यांना ते माहीत नव्हतं.

मग जहाजं अडवली कशानं? माझ्या मते त्या वाक्यानं नाही. दोन वर्षं साचत गेलेल्या पुराव्यांनी, अलाबामाच्या जळालेल्या जहाजांच्या याद्यांनी, आणि हा माणूस खोटं बोलत नाही, पोकळ धमकी देत नाही, या विश्वासानं. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग इथं लिंकन यांचं सैन्य जिंकलं होतं, त्याचाही वाटा मोठा. वाक्य पुस्तकात गेलं, याद्या दप्तरात राहिल्या. आपण मुलांना वाक्यच पाठ करायला लावतो.

जे त्यांना बोलता येत नव्हतं ते

एक गोष्ट लपवून चालणार नाही. सुरुवातीला सेवर्ड यांची सूचना होती, की गुलामगिरीच्या नैतिक प्रश्नावर लंडनमध्ये वाद घालू नका. कारण तेव्हा लिंकन यांचं सरकार युद्ध फक्त देश एकत्र ठेवण्यासाठी आहे असं म्हणत होतं. म्हणजे ॲडम्स यांच्याकडचा सर्वांत खरा मुद्दाच त्यांच्या तोंडातून काढून घेतला होता. इंग्लंडमधले लोक विचारायचे, गुलामांसाठी लढत नाही, मग कशासाठी लढता?

१ जानेवारी १८६३ ला लिंकन यांची गुलाममुक्तीची घोषणा अमलात आली आणि चित्र पालटलं. मँचेस्टरच्या कामगारांनी लिंकन यांना पाठिंब्याचं पत्र पाठवलं, लिंकन यांनी त्यांना उत्तर दिलं. ज्यांच्या गिरण्या कापसाअभावी बंद पडल्या, ज्यांच्या घरात चूल पेटत नव्हती, त्यांचं हे पत्र. सगळे कामगार असेच होते असं नाही, काही गावांत दक्षिणेच्या बाजूनंही सभा झाल्या. पण ठराव घेऊन येणारी शिष्टमंडळं ॲडम्स यांच्या दारी रांगेनं येऊ लागली. सत्य बाजूनं असलं की बोलणाऱ्याचं काम सोपं होतं. आणि कितीही कुशल वकील असला तरी बाजूच लंगडी असेल तर तो एका मर्यादेपलीकडे काही करू शकत नाही, हेही मुलांना सांगायला हवं.

आपला संबंध

हे सगळं चालू असताना लँकेशायरला कापूस पाठवत होतं कोण? मुंबई. १८६१ ते १८६५ मध्ये कापसाचे भाव कैक पटींनी चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली, युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतली बडी बडी घरं एका उन्हाळ्यात बुडाली. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा कापसाचा राजाही त्यातून सुटला नाही. म्हणजे ज्या युद्धात इंग्लंडनं उतरू नये म्हणून एक माणूस लंडनमध्ये धडपडत होता, ते युद्ध लांबेल तितका मुंबईचा नफा होता. सातवी-आठवीच्या मुलांशी यावर चर्चा करून बघा, फार चांगले प्रश्न येतात.

आणि दुसरा संबंध याहून मोठा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामाबद्दल. पुण्यात बसून जोतीरावांनी त्या युद्धाचा अर्थ नेमका ओळखला होता. आपण हे पुस्तक शिकवताना ती अर्पणपत्रिका का लिहिली गेली, हे सांगतो का?

शेवट : भांडण कागदावर मिटलं

त्या याद्या आठवतात ना, जळालेल्या जहाजांच्या? त्या वाया गेल्या नाहीत. १८६८ मध्ये ॲडम्स मायदेशी परतले. १८७१ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेनं करार केला, की अलाबामाचं भांडण लवादापुढे न्यायचं. जिनिव्हात पाच पंच बसले. अमेरिका, इंग्लंड, इटली, स्वित्झर्लंड आणि ब्राझील यांचा प्रत्येकी एक. अमेरिकेचे पंच होते ॲडम्स. त्यांच्या देशानं मध्येच अवाच्या सवा मागण्या पुढे केल्या आणि लवाद मोडायची वेळ आली. तेव्हा या मागण्या लवादाच्या कक्षेबाहेर ठेवाव्यात, असा मार्ग ॲडम्स यांनीच सुचवला. म्हणजे गरज पडली तेव्हा स्वतःच्या देशालाही नाही म्हणाले. १४ सप्टेंबर १८७२ ला निकाल लागला. इंग्लंडनं १ कोटी ५५ लाख डॉलर भरपाई द्यायची. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशानं ती दिली. एकही तोफ उडाली नाही.

काही जण म्हणतील, इंग्लंड युद्धात उतरलं नाही ते स्वतःच्या फायद्यासाठी. कॅनडा सांभाळायचा होता, उत्तरेचा गहू हवा होता, युरोपात वेगळेच ताण होते. मला हे मान्य आहे. एकटे ॲडम्स काही करू शकले नसते. पण समोरच्याला त्याचं हित दाखवून देणं, आणि तोंड न लपवता त्याला मागे फिरता येईल अशी वाट मोकळी ठेवणं, हेच तर राजदूताचं काम. भडक माणूस त्या जागी असता तर इंग्लंडला स्वतःचं हित दिसलंच नसतं, फक्त अपमान दिसला असता.

त्यांना देव करायचीही गरज नाही. युद्धाआधी देश फुटू नये म्हणून दक्षिणेला सवलत देणाऱ्या तडजोडीला त्यांनी पाठिंबा दिला होता आणि त्यावरून जुने मित्र दुरावले. लिंकन यांची थोरवी त्यांना शेवटपर्यंत पुरती कळली नाही. १८७३ च्या एका भाषणात त्यांनी सारं श्रेय सेवर्ड यांच्याकडे झुकवलं आणि लोकांची टीका ओढवून घेतली. आणि हेही लक्षात ठेवू, की ते लंडनमध्ये मेजवान्यांना जात होते तेव्हा त्यांचा एक मुलगा, त्यांच्याच नावाचा चार्ल्स, घोडदळात लढत होता. बोलणारा आणि लढणारा एकाच घरात होते. दोघांचीही गरज होती. १८८६ मध्ये ॲडम्स वारले.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

एक, निरोपाचा खेळ. एका मुलाला रागाचा निरोप द्या. त्यानं अर्थ न बदलता, राग काढून तो दुसऱ्याला सांगायचा. मोठा हशा पिकतो आणि शिकणंही होतं.

दोन, तक्रारीची वही. "सर, यानं मारलं" यावर तिथल्या तिथं निवाडा करायचा नाही. कधी, कुठं, कोणी पाहिलं, हे दोघांनी लिहून आणायचं. निम्मी भांडणं लिहितानाच मिटतात, हा माझा वर्गातला अनुभव.

तीन, पालकांसाठी. मुलानं भांडणात माघार घेतली तर "घाबरट" म्हणू नका. आधी विचारा, काय बोललास? मग कौतुक करायचं की नाही ते ठरवा.

त्या मुलीला मी ही गोष्ट दोन तासिकांत सांगितली. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे पंताजी गोपीनाथांनी पण आधी पुष्कळ काय काय केलं असेल. आपल्या पुस्तकात दोनच ओळी आहेत."

मला वाटतं, माझ्या त्या पोकळ वाक्याचं उत्तर तिनंच पूर्ण केलं. त्या दोन ओळींच्या मागे काय असेल, हा प्रश्न मुलांच्या मनात उभा राहिला तरी आपलं काम झालं.